भट्टीची धग आणि बाटलीतलं पाणी

ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरातल्या त्या छोट्या संशोधन संस्थेत नेल्सी ब्रांदालिझेला कुणी शास्त्रज्ञ म्हणत नसे, आणि तिचंही त्यावाचून काही अडत नव्हतं. ती आली टायपिस्ट म्हणून. साहेबांची समीकरणं टाइप करता करता त्यांतल्या चुका काढू लागली, तेव्हा सगळी आकडेमोडच तिच्या गळ्यात पडली. भट्टीतला तापलेला वायू भिंतीवर किती धग फेकतो, ते संगणकावर मांडायचं, हे तिचं तीस वर्षांचं काम. ज्वाळा दिसते म्हणून तिचं कौतुक होतं, भाजतो मात्र न दिसणारा वायू, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. स्वतःच्या नशिबाशी ती त्याची तुलना करत असेल तर तसं तिने कधी बोलून दाखवलं नाही.

प्रत्यक्ष धग मोजायची ती भट्टीवरच्या ओस्विनोने; वायूत काय किती आहे तेही तपासून तोच नेल्सीला चिठ्ठीवर लिहून द्यायचा. घरच्या जेवणावळीत निखाऱ्यांवर हात धरून, आकडे मोजून, मांस कधी चढवायचं ते सांगणारा हा माणूस. धग मोजायचं यंत्र त्याने नाइलाजाने स्वीकारलं होतं. रोज सकाळी दोघं एकाच सुक्या भोपळ्याच्या पेल्यातून माते, तिकडचा कडवट चहा, प्यायची आणि फुटबॉलवरून भांडायची.

त्या वर्षी पहिल्यांदाच भट्टीत ओला लाकडाचा भुसा जाळला. ओस्विनोचं माप आलं चाळीस, नेल्सीच्या गणिताचं उत्तर सत्तावीस. प्रमुख एव्हाल्दोंनी दोन्ही कागद पाहिले आणि निकाल देऊन टाकला.

"नेल्सीबाई, तुमचं गणित कधी चुकत नाही. ओस्विनोची नजर गेली आता. सोमवारपासून त्याला गोदामात बसवू."

ओस्विनो मात्र एक शब्द बोलला नाही. तेच तिला जास्त लागलं. तीन दिवस ती गणित उलटंपालटं करत बसली, चूक सापडेना.

शुक्रवारी दुपारी ती भट्टीपाशी गेली. ओस्विनो वायूच्या नळीखालची बाटली काढून मोरीत रिकामी करत होता.

"ते काय ओततोयस?"

"पाणी, दुसरं काय! भुसा ओला, मग वायूत वाफ भरमसाट. वायू तपासायच्या यंत्राला थेंब चालत नाही, म्हणून आधी गाळून घेतो."

"म्हणजे तू मला चिठ्ठीवर देतोस ते आकडे वाफ काढल्यानंतरचे?"

"तीस वर्षं तसेच देतोय की, बये!"

नेल्सीने कपाळाला हात लावला. आजवर जळण शुद्ध वायूचं. त्यातून किती वाफ निघेल ते ती स्वतः हिशोबाने मांडायची. भुशात काय काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून या वेळी तिने चिठ्ठीच जशीच्या तशी गणितात घातली. सगळ्यात जास्त धग फेकते ती वाफ, आणि तीच नेमकी तिने मोरीत जाऊ दिली होती.

पुढची बाटली भरल्यावर तिने त्यातलं पाणी मोजलं; तेवढी वाफ धरून उत्तर आलं एकोणचाळीस. कागद घेऊन ती तडक एव्हाल्दोंच्या दारात उभी राहिली.

"चूक माझी आहे. चुकीचं काय झालं ते खाली लिहिलंय. त्याला हलवायचं नाही."

एव्हाल्दोंनी कागद दोनदा वाचला, घसा साफ केला, आणि गोदामाचा हुकूम फाडला.

खाली येऊन पाहते तर ओस्विनोने कपाट रिकामं करून हातमोजे, चष्मा, जुना डबा सगळं खोक्यात भरून ठेवलेलं.

"ठेव परत," ती म्हणाली. "माप बरोबर होतं तुझं. अरे, मग तीन दिवस तोंड शिवून का बसला होतास? फुटबॉलवरून तर घसा बसेपर्यंत भांडतोस!"

ओस्विनोने खोक्यातला चष्मा उचलून पुसला.

"गणित तुझं होतं ना," तो म्हणाला. "म्हटलं, मीच म्हातारा झालो."