विहिरीचा तळ

नंदा गेल्याची बातमी घेऊन तिचा भाऊ सुदाम मोटारसायकलवरून थेट माझ्या शाळेत आला. जुन्नरच्या या शाळेत मी भूगोल शिकवते. तेव्हा नववीचा तास चालू होता. दारात उभं राहूनच तो म्हणाला, ‘‘बाई, आपली नंदी गेली. सकाळी तिकडनं फोन आला. झोपेतच गेली म्हंत्यात.’’ मी हातातला खडू खाली ठेवला, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की हिनं इथंही पहिला नंबर लावला. लाज वाटावी असाच विचार होता. पण या सहा आठवड्यांत वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून तिच्याबद्दल इतकं गोडगोड छापून आलंय, की कुणीतरी खरं लिहायला हवं. मी नंदाची सर्वांत जुनी मैत्रीण, आणि जन्मभर तिच्यावर जळत आले.

ती डिंगोऱ्याची, मी लोणीची. पुण्याला कॉलेजात भूशास्त्राच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. शेवटच्या परीक्षेत मला तिच्यापेक्षा चार मार्क जास्त पडले. हे मी आजवर भेटेल त्याला सांगितलंय. पुढे तिच्या वडिलांनी तिला शिकू दिलं आणि माझ्या वडिलांनी माझं लग्न ठरवलं. मी जुन्नरात मास्तरीण झाले, ती परदेशातल्या प्रयोगशाळेत गेली. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं ज्वालामुखीचं बेट आहे. तिथले दगड आणायचे आणि त्यांत कोंडलेला हेलियम मोजायचा, हे तिचं काम. ज्या खोलातल्या उष्णतेनं आपल्याकडचा काळा कातळ वर ओतला, तिनंच पुढे ते बेट घडवलं असं म्हणतात. दगडातल्या हिरव्या कणांत तेव्हाचा वायू इवल्याशा बुडबुड्यांत अडकून राहतो. हेलियम दोन प्रकारचा, जड आणि हलका. त्यात हलक्याचा वाटा जास्त निघाला, तर दगडाचं मूळ फार खोल आहे असं समजायचं. हे सगळं ती मला पत्रांतून लिहायची आणि मी ती पत्रं वर्गात वाचून दाखवायचे. मुलं टाळ्या वाजवायची... त्या टाळ्या माझ्यासाठी नसायच्या.

नव्वदच्या दशकात कधीतरी तिचं एक पत्र आलं. सुदाम तेव्हा डिंगोऱ्याच्या मळ्यात विहीर खोदत होता आणि बेटावरच्या दगडाशी ताडून बघायला तिला इथला कातळ हवा होता. ‘तळाचाच पाठव, शकू,’ असं तिनं लिहिलं होतं. ‘उघड्यावरचा चालणार नाही. आभाळातून येणारे किरण उघड्या दगडात तोच हलका हेलियम तयार करतात. मग खोलातला कुठला आणि नंतरचा कुठला, ते कळत नाही. तुझ्याइतका भरवसा मला दुसऱ्या कुणाचा नाही.’

मी एसटीनं डिंगोऱ्याला गेले. सुदाम म्हणाला, ‘‘आज नाय व्हायचं बाई. सुरुंग उद्या उडवायचाय. उद्या या, पायजे तेवढा दगड देतो.’’ नंदाच्या आईनं चहा दिला आणि शेजारी टेकली. ‘‘आमची नंदी आता इमानानं बेटावर जाती, दगडं आणाया. तुमचं लई बरं हाय बाई, जुन्नरातल्या जुन्नरात.’’ म्हातारीच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. पण मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले. निघताना मी सुदामचा हातोडा मागून घेतला आणि मळ्यामागच्या टेकाडावर चढले. तिथला कातळ कधीपासून उन्हात उघडा पडला होता, आणि त्यातही हिरवे कण होते. एक तुकडा फोडला, कापडी पिशवीत घातला आणि पिशवीवर शाईनं लिहिलं, ‘विहिरीचा तळ’. उद्या पुन्हा कोण हेलपाटा घालणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला नंदाला एकदा चुकलेलं बघायचं होतं.

बऱ्याच महिन्यांनी तिचं पत्र आलं. ‘शकू, हलक्या हेलियमात आपल्या डिंगोऱ्याच्या दगडानं बेटालाही मागे टाकलंय,’ असं लिहिलं होतं. अक्षर आनंदानं तिरकं झालं होतं. ते पत्र मी वर्गात वाचलं नाही. आता ती हे छापणार, मग कुणीतरी तिला खोटं पाडणार... मला हवं होतं ते हेच. तरी खरं काय ते कळवायला चारदा कागद घेऊन बसले आणि चारदा उठले.

पुढच्या उन्हाळ्यात ती न कळवता माझ्या दारात उभी राहिली. चपला धुळीनं माखलेल्या, खांद्याला जड पिशवी. मी मासवडी केली होती. जेवताना न राहवून विचारलं, ‘‘पुन्हा दगड?’’

‘‘हो. सुदाम्याच्या विहिरीत स्वतः उतरले.’’

‘‘आणि पहिला?’’

तिनं वडीचा तुकडा मोडला. ‘‘संपला,’’ म्हणाली, आणि रस्सा मागितला.

तिचा शोधनिबंध छापून आला तो त्या दुसऱ्या दगडावर. बेटाला मागेबिगे काही टाकलं नव्हतं. शेवटी आभारांत माझं नाव होतं, मराठी वळणाचं, आडनावासकट. एवढ्या वर्षांत माझं नाव परदेशी छापून आलेलं ते एकदाच. त्यानंतर ती कितीदा आली, जेवली, हसली. पण तिला कळलं होतं की नाही, ते मला कधी ठरवता आलं नाही.

गेल्या आठवड्यात सुदाम तिकडून आलेल्या सामानातलं एक खोकं घेऊन आला. ‘‘ह्यातल्या पिशवीवर तुमचं अक्षर हाय बाई. आमाला काय कळंना, म्हणून आनलं.’’ आत तीच कापडी पिशवी होती. दगड संपला नव्हता, निम्म्याहून जास्त शिल्लक होता. माझ्या शाईच्या ओळीखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘उघड्यावरचा. शकूला विचारायचं नाही.’

पिशवी आता माझ्या स्वयंपाकघरात मांडणीवर आहे. इतकं मोठं मनही हिलाच मिळावं, याचा मला हेवा वाटतो, अजून वाटतो. रोज डबा काढताना ती पेन्सिलीची ओळ समोर येते. विचारलं असतंस, नंदे, तर ‘तळाचाच आहे’ असं मी तोंड वर करून सांगितलं असतं. ते तुला ठाऊक होतं.