पळू न देणारा पहारेकरी

पडक्या जुन्या नगराच्या दगडी दरवाजावर उभ्या असणाऱ्या पहारेकऱ्याला सगळे शिट्टीमामा म्हणत. कोणी चौथऱ्यावर चढलं, खांबाला टेकलं, की वाजलीच शिट्टी. आणि पळताना कोणी दिसलं तर विचारूच नका. गावातली निम्मी माणसं लहानपणापासून त्या शिट्टीला दचकत मोठी झालेली. दगडांवर मामाचा जीव होता असं कुणी समजू नये. तिथं कोण राजा होऊन गेला, हे त्याला धड सांगता आलं नसतं. काम दिलं होतं, ते करत होता.

त्याचा जीव होता त्या जागेवर. घर समोरच्याच बोळात. घरात थोरला भाऊ, उजवं अंग गेलेला. दुपारच्या सुट्टीत मामा जाऊन त्याला भरवायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास भाऊ सरळ थुंकून टाकायचा.

यंदा मुलांच्या दवाखान्याला मदत म्हणून या अवशेषांमधून दौड काढायचं ठरलं. आदल्या दिवशी या जागेचा कारभार बघणाऱ्या मॅडमनी मामाला ऑफिसात बोलावलं.

"उद्या शिट्टी इथं ठेवायची."

"मग मी करू काय?"

"टाळ्या वाजवा. हसा. पर्यटक आधीच तुमच्या नावानं बोंबलतायत. आणखी एक तक्रार आली तर गोदामावर बदली. मग मला बोल लावू नका."

गोदाम म्हणजे दोन बस बदलून. दुपारचं घरी जाणं बुडालंच. मामानं गळ्यातली दोरी काढून टेबलावर ठेवली.

सकाळी मामा दरवाजात टाळ्या वाजवत उभा. पाणी वाटणारी बाई म्हणाली, "मामा, दाढ दुखते का?"

"हसतोय मी. गप गं."

तेवढ्यात लोंढा आला. नक्षीच्या फरसबंदीवर धपधप, धपधप. तिथं एवढी माणसं पळताना मामानं जन्मात पाहिली नव्हती. दोन बोटं तोंडात कधी गेली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

शिट्टी ऐकून गावातले होते तेवढे जागच्या जागी थिजले. बाहेरच्यांना काय माहीत? ते मागून येऊन आदळले. तळाला किराणावाला, त्याच्यावर शाळेतल्या बाई, त्यांच्यावर कोण कुठला दाढीवाला.

"अहो मामा, आज तरी सोडा की!" किराणावाला खालून ओरडला.

"मी काही केलं नाही हो मामा!" या शाळेतल्या बाई.

चारदोन गुडघे फुटले, एक चष्मा गेला. मॅडमनी मामाला उभ्यानंच बदली सांगितली. मामानं भावाचं सांगितलं. त्या म्हणाल्या,

"गोदामावर पहाटेची पाळी देते. पण दरवाजा नाही."

दुपारी मामानं भरवता भरवता सगळं सांगितलं. भाऊ अर्ध्या तोंडानं हसला, अर्धा घास बाहेर आला.

"किराणावालापण थांबला?"

"सगळ्यात खाली तोच होता."

भावाला ठसका लागला. मामानं पाठ चोळली, तोंड पुसलं.

"उद्यापासून मला यायला दोन वाजून जातील. शेजारच्या काकू भरवते म्हणतात."

"काकू नको."

"उपाशी राहशील."

"राहीन."

मामानं ताटात आणखी एक पळी वाढली.