पिंटूच्या कुंडीतलं झाड

मोशीच्या आमच्या सोसायटीत साधनाताईंइतकी चिकित्सक बाई दुसरी नाही. एकोणीस वर्षं त्या चाकणच्या कंपनीत मालाची तपासणी करतात. भाजीवाल्याची कोथिंबीरही रिजेक्ट करतात. घरात दुसरं माणूस नाही. बंटी आणि पिंटू हे दोन बोके, आणि त्यांना बाधू नयेत म्हणून पारखून आणलेले नेचे, म्हणजे फर्न. बोके एकाच थाळीत जेवायचे, बंटी डावीकडून, पिंटू उजवीकडून.

अशा बाईची एकदाच चूक झाली. नर्सरीवाल्याने ‘फर्न’ म्हणून दिलेलं एक झाड त्यांनी न तपासता घरात आणलं. ते निघालं शतावरीच्या कुळातलं, मांजरांना बाधणारं. म्हाताऱ्या, आजारी पिंटूने त्याची लाल फळं खाल्ली. उलट्या काही त्याला सोसल्या नाहीत. ताईंनी झाड फेकलं आणि पिंटूला गळ्यातल्या घुंगरासकट गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत पुरून वर नेचा लावला.

“लेबल बघून माल पास केला मी,” म्हणत ओक्साबोक्शी रडल्या.

दोन महिन्यांनी नेच्यातून एक बारीक कोंब वर आला. तेच झाड! पिंटूच्या पोटातलं बी रुजलं होतं. हे माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.

ताई कोंब खुडत, आठवड्याभरात नवा येई. बंटी दिवसभर मातीला कान लावून बसायचा आणि कोंब दिसला की चावायचा. एकदा उलटी झालीच.

“मुळासकट काढा ना,” मी चिडून म्हणाले.

“मूळ कशात आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?”

पण बंटीला दुसरी उलटी झाली त्या रविवारी, भर दुपारी, ताईंनी कुंडीत कोपरापर्यंत हात घातला. त्यांच्या बोटांना केसाएवढा फरक कळतो. खाली त्यांना काय काय लागलं, ते मी विचारलं नाही. मुळं निघाली, शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या गाठींची, आणि त्यांत अडकलेलं घुंगरू.

ते मातीने गच्च भरलं होतं. मी स्वतः हलवून पाहिलं, वाजलं नाही. तरी बंटीने कान टवकारले, उठला आणि तडक स्वयंपाकघरात गेला. पिंटू गेल्यापासून तो थाळीच्या मधोमध जेवायचा. आज डावीकडे सरकून बसला आणि वाट बघत राहिला.

मातीच्या हातानेच ताईंनी थाळी भरली.

“दोघं जेवा रे,” त्या म्हणाल्या.