कायमचा पत्ता

सुप्रभा हर्डीकरला फॉर्म भरण्याची भीती कधी वाटली नाही. एकोणीस वर्षं तिने लीड्सच्या एका हॉस्पिटलात पेशंटांचे कागद लावले होते. कुठला कागद कुठल्या फाइलीत जातो, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. म्हणून वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी लायब्ररीतल्या मदतीच्या टेबलापाशी बसून आपलेच कागद दुसऱ्याकडून तपासून घ्यायची वेळ आली, तेव्हा तिला मनातून संताप आला. पण संताप धरून ठेवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता फारसा उरला नव्हता.

टेबलापलीकडे शशीताई होत्या. मूळच्या साताऱ्याच्या, पण चाळीस वर्षं यॉर्कशरमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या. दर गुरुवारी त्या इथे बसून लोकांना बेनिफिटचे, म्हणजे सरकारी मदतीचे फॉर्म समजावून सांगत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अगं, घोडं इथे अडलंय. सरकारच्या रेकॉर्डवर तू एकटी आहेस. सिंगल पर्सन, नो चिल्ड्रन."

"एकटी कशी? कस्तुरी आहे ना माझ्याकडे. सात वर्षं झाली."

"मला माहितेय गं. पण तिचं चाइल्ड बेनिफिट कोणाच्या नावावर आहे?"

ते मुलीच्या वडिलांच्या नावावर आहे हे सुप्रभाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते बोलून दाखवायचं नव्हतं म्हणूनच तर तिने सात वर्षं तशीच काढली होती.

कस्तुरी तिच्या धाकट्या बहिणीची, वरदाची मुलगी. वरदा साउथहॅम्प्टनला वारली, पाच आठवड्यांच्या आजारात, तेव्हा पोर चार वर्षांची होती. तिचे वडील परीक्षित तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. रात्रपाळ्या, ऑन-कॉल, घरात बघायला कोणी नाही. चौदाव्या दिवशी तेच म्हणाले, "ताई, काही महिने तुमच्याकडे ठेवाल का? समर टर्म संपली की घेऊन जातो." सुप्रभाला मूलबाळ नव्हतं, नवऱ्यापासून ती केव्हाच वेगळी झाली होती. तिने लहानग्या कस्तुरीला ट्रेनमध्ये मांडीवर बसवून लीड्सला आणलं. ती समर टर्म संपली, पुढची संपली, मग कोणती संपली हे कोणी मोजेनासं झालं.

पोरीला शाळेतून आणायचं तर हॉस्पिटलची नोकरी जमेना. सुप्रभाने ती सोडली आणि त्याच शाळेत दुपारी जेवण वाढायचं काम धरलं. आता गुडघा धरला होता, कामाचे तास निम्मे झाले होते आणि भाडं मात्र वाढलं होतं. म्हणून तिने युनिव्हर्सल क्रेडिटसाठी, कमी मिळकतवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, अर्ज केला. उत्तर आलं की एकट्या बाईला एका बेडरूमच्या भाड्यापुरतीच मदत मिळेल. तिचं घर दोन बेडरूमचं. दुसऱ्या खोलीत कस्तुरी झोपायची, तिची ड्रॉइंगं भिंतीभर लावलेली होती. ही मदत मिळाली नाही तर उन्हाळ्याच्या आत घर सोडावं लागणार, आणि एका खोलीत दोघींचं भागत नाही म्हटल्यावर कस्तुरीने जायचं ते साउथहॅम्प्टनलाच. सुप्रभाचा जीव तिथे टांगणीला लागला होता.

"हे बघ," शशीताई म्हणाल्या, "पूर्वीचं टॅक्स क्रेडिट बंद झालं, हे नवीन आलं, पण प्रश्न तोच आहे. मूल राहतं कोणाकडे? आई की मावशी, त्याचं त्यांना काही नाही. एका मुलासाठी एकच माणूस क्लेम करू शकतो, आणि आधी नाव ज्याचं, मूल त्याच्याकडे असं ते धरून चालतात. तसं नसेल तर पुरावा द्या. शाळेचं पत्र, जीपीचं, आपल्या नेहमीच्या डॉक्टरचं पत्र. तुला काय अवघड आहे? तू तर त्या शाळेतच काम करतेस."

अवघड होतं. सुप्रभाने पिशवीतून पाकीट काढून पुढे केलं. शाळेने दिलेली प्रिंट शशीताईंनी वाचली, मग पुन्हा वाचली.

"हे काय? कायमचा पत्ता, साउथहॅम्प्टन. सध्या तात्पुरती मावशीकडे. हे कोणी लिहिलं?"

"मीच."

"आणि जीपीच्या कागदावर?"

"तिथेही मीच."

आता हे आपल्याच लोकांना सुचणार. या देशातल्या फॉर्मवर पत्त्याचा एकच रकाना असतो. तुम्ही राहता कुठे, एवढंच त्यांना हवं असतं. पण सुप्रभा ज्या देशात फॉर्म भरायला शिकली तिथे दोन पत्ते असायचे, एक सध्याचा आणि एक कायमचा. सध्याचा म्हणजे जिथे माणूस नोकरीनिमित्त पडलेला असतो तो, आणि कायमचा म्हणजे बापाच्या घरचा. मुलीचे वडील चांगले हयात असताना तिचा कायमचा पत्ता म्हणून आपलं घर लिहायचं, हे तिला बहिणीच्या संसारावर हक्क सांगितल्यासारखं वाटायचं. म्हणून ती शाळेत, दवाखान्यात, दातांच्या डॉक्टरकडे, अगदी पोहण्याच्या क्लासलासुद्धा, त्या एका रकान्यात बारीक अक्षरात दोन्ही पत्ते बसवायची. शाळा दर सप्टेंबरला माहिती तपासायला कागद पाठवायची. सुप्रभा तो नीट वाचून खाली सही करायची: बदल नाही. सात वर्षांत सात वेळा तिने आपल्या सहीनिशी सांगितलं होतं की हे मूल इथे राहत नाही. एवढ्या सुवाच्य अक्षरात कोणी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला नसेल.

शशीताई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्या म्हणाल्या, "यावर महिनोन् महिने भांडत बसता येईल. नाहीतर तिच्या वडिलांना फोन कर. त्यांनी क्लेम सोडला की संपलं. एवढा डॉक्टरांचा पगार, वरच्या पगारवाल्यांकडून ते पैसे टॅक्समध्ये परत कापून घेतात. त्यांना त्यातून एक पेनीही मिळत नसणार. नुसतं नाव आहे."

ते सुप्रभालाही कळत होतं. तिला पैशांची नाही, फोनची भीती होती. सात वर्षं तो विषय दोन्ही घरांत कोणी काढला नव्हता. विचारलं आणि परीक्षित म्हणाले, "बरोबर आहे ताई, तुमच्यावर फार भार पडला, आता मी तिला घेऊन जातो," तर? कायद्याने मूल त्यांचं. मग दोन बेडरूम घेऊन ती काय करणार होती?

तीन दिवस तिने फोन हातात घेतला आणि ठेवला. रविवारी कस्तुरी मैत्रिणीच्या बर्थडेला गेल्यावर तिने एकदाचा लावला.

"परीक्षितराव, सुप्रभा बोलतेय. कामात नाही ना?"

"नाही ताई, बोला. कस्तुरी ओके आहे ना?"

"हो, छान आहे. एक विचारायचं होतं." तिने वाक्य पाठ केलं होतं, ते ती तेवढ्यात विसरली. मग तिने आपल्यापरीने सगळं सांगितलं: गुडघा, तास, भाडं, आणि तो क्लेम.

"एवढंच? अहो ताई, आजच कॅन्सल करतो. ऑनलाइन दोन मिनिटांचं काम आहे. मला वाटलं तुम्ही केव्हाच तुमच्या नावावर करून घेतला असेल. मी पाहिलंच नाही कधी."

सुप्रभा खुर्चीत बसली. सात वर्षं ज्या गोष्टीची तिने एवढी अदब राखली, ती या माणसाने पाहिलीच नव्हती. त्यांचा राग यावा की स्वतःचा, हे तिला कळेना. दोन्ही आले आणि दोन्ही थकून गेले.

"ताई, साइटवर रीझन विचारतात," परीक्षित म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "मूल आता दुसरीकडे राहतं, असं टाकावं लागेल. पर्मनंटली. तसं टाकू ना?"

"टाका," ती म्हणाली.

"मी दर वर्षी म्हणायचो, पुढच्या समरनंतर आणू."

"माहितेय मला."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून माझंही राहून गेलं."

तिने गुडघ्याला तेल लावायचं आहे असं सांगून फोन ठेवला, आणि खरोखरच तेल लावत बसली. कस्तुरी राहणार होती. आनंद व्हायला हवा होता. झालाही असावा, पण तो फार दमलेला होता.

मग तिने स्वतःच्या नावाने चाइल्ड बेनिफिटचा नवा क्लेम भरला. पत्त्याच्या रकान्यात पहिल्यांदाच एक पत्ता लिहिला. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंकडून नोंद बदलून नवं पत्र घेतलं. "हे आधीच का नाही सांगितलंत?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा सुप्रभा नुसती "राहून गेलं" म्हणाली, आणि ते शब्द कोणाचे आहेत हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

मेच्या मध्याला पत्र आलं. सुप्रभाने ते स्वयंपाकघरात, कुकर उतरवून झाल्यावर उघडलं. क्लेम मंजूर, म्हणजे आता दोन बेडरूमच्या भाड्याची मदतही मिळणार. मागचे पैसे जास्तीत जास्त तीन महिन्यांचे मिळतात, त्यामुळे मुलीची जबाबदारी सुरू झाल्याची तारीख पडली होती यंदाची चौदा जानेवारी. त्याआधीचं काही लिहिलेलं नव्हतं. कांजिण्यांत जागवलेल्या रात्री, पहिला पडलेला दात, आईचा चेहरा आठवत नाही म्हणून रडलेली ती सहा वर्षांची पोर, हे सगळं त्या तारखेच्या पलीकडे होतं, आणि कागदोपत्री ते साउथहॅम्प्टनला घडलं होतं. तिला रडू आलं. घर वाचलं होतं, तरीही आलं.

कस्तुरी बॅग टाकून टेबलाशी येऊन बसली. अकरा वर्षांची, उंच, बोलण्यात मराठी मोडकी पण न लाजता बोलणारी.

"माऊ, काय झालं? कोणाचं लेटर आहे?"

"सरकारचं. तू इथे राहतेस, असं लिहिलंय."

"दॅट्स गुड, नाही का? कधीपासून?"

"यंदाच्या जानेवारीपासून."

कस्तुरीने पत्र ओढून घेतलं, ती तारीख बोटाने दोनदा तपासली, आणि खऱ्याच कुतूहलाने विचारलं, "मग त्याच्याआधी मी कुठे होता?"

सुप्रभाने पत्र तिच्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग तिचं ताट पुढे ओढलं आणि भात वाढला.