आप्पांच्या अल्बमात जर्मन बोट

पहिल्यांदा खटकलं ते अगदी बारीक होतं. आप्पांच्या अल्बमात, लाल धुरांड्यांच्या फ्रेंच बोटींच्या रांगेत, एक पिवळ्या धुरांड्याची जर्मन बोट बसली होती.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण आमच्यात हे म्हणजे देवघरात कुणी चप्पल ठेवावी तसं आहे. आम्ही चौघं एकाच फ्रेंच कंपनीच्या प्रवासी बोटींची जुनी पोस्टकार्डं जमवतो. दुसरी कंपनी नाही, दुसरा देश तर नाहीच. कार्डं वर्षात चार-दोन मिळाली तर मिळतात, किस्से मात्र साठतच जातात. कार्डांना निदान अल्बम तरी आहे. किस्से कुठं ठेवायचे, म्हणून मी ते भेटेल त्याला सांगत सुटते. लोक हसतात. हल्ली सांगता सांगता मी मधेच थांबते, पण तरी सांगते.

आधी माणसं सांगायला हवीत. आप्पा रेल्वेत गार्ड होते. आता रिटायर, दौंडला एकटेच राहतात. गायकवाड सर शिरूरचे, शाळेत त्यांनीच मला भूगोल शिकवला. ज्यांना आम्ही सगळेच मामा म्हणतो त्यांचं यवतला हायवेवर हॉटेल आहे, आणि महिन्यातून एका रविवारी आमची बैठक तिथंच भरते, भटारखान्याच्या बाजूच्या टेबलावर. चौथी मी, वैशाली, निमोण्याची. एम.कॉम. झाले, एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिस्पॅच बघते. फ्रान्समधल्या विक्रेत्यांना मेल लिहायला इंग्रजीवालं कुणीतरी पाहिजे होतं म्हणून मला मंडळात घेतलं, असं सर सगळ्यांना सांगतात.

तर ती जर्मन बोट. आप्पा हात धुवायला उठले तेवढ्यात मी अल्बम सरांपुढं सरकवला.

"पान चुकलं असेल," सर म्हणाले.

"सर, पिवळं धुरांडं आहे."

"वैशाली, कुकरची शिट्टी झाली तरी तू दचकतेस. त्यांच्या वयाकडं बघ जरा."

मी वयाकडंच बघत होते.

*

हा नाद दौंडात आला कसा, हे लोक हमखास विचारतात. त्याचं उत्तर म्हणजे बिस्किटांचा डबा.

रेल्वे कॉलनीत एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते. त्यांचा कुणी चुलता म्हणे त्या फ्रेंच बोटींवर कामाला होता. हे ड्रायव्हर मुलीकडं ऑस्ट्रेलियाला कायमचे निघाले तेव्हा त्यांनी घरातलं सामान वाटून टाकलं. कुणाला कपाट मिळालं, कुणाला कोंबड्या. आप्पा ड्यूटीवरून उशिरा पोचले. तोवर एक पत्र्याचा डबा तेवढा उरला होता.

"वर बिस्किटांचं चित्र व्हतं," आप्पा सांगतात. "म्हनलं बिस्किटं आसत्याल. घरी येऊन उघडला तर आत निस्त्या बोटी. आमची मंडळी म्हनली, आता ह्याच बुडवा चहात."

*

आप्पांचे वडील मेंढरं राखायचे. पावसाळा सोडला तर घर पाठीवर. एवढं फिरून त्यांनी समुद्र काही बघितला नाही, आणि आप्पांनीही नाही. घरात शंभरावर बोटी, आणि माणसानं समुद्र पाहिलेला नाही, हे सरांच्या भूगोलाला सहन होईना. त्यांनी आम्हा सगळ्यांना अलिबागला नेलं.

आप्पा वाळूत उभे राहिले. थोडा वेळ बघितलं, आणि समुद्राकडं पाठ करून भेळ खायला बसले.

"आप्पा, कसा वाटला?"

"लई हलतंय."

"समुद्र आहे तो, हलणारच."

"हलंना का. आपल्याला बोट बघायची हाय, पान्याचं काय करायचं?"

*

मामांनी गल्ल्याच्या मागं एक कार्ड मोठं करून फ्रेममध्ये लावलंय. दोन लाल धुरांडी, त्यांना वरून काळी पट्टी, खाली धक्क्यावर टोप्या उडवणारी माणसं. ट्रकवाले जेवताना त्याकडं बघत बसतात.

एकदा एका यूपीच्या ड्रायव्हरनं विचारलं, "चाचा, ये जहाज कहाँ जाता है?"

मामांचं हिंदी यवतचंच. म्हणाले, "किधर नहीं जाता. तोड दिया उसको."

"और बाकी?"

"बाकी बी तोड दिये. दो-चार डूब गये."

ड्रायव्हरनं हातातला घास खाली ठेवला. "तो फिर फोटो काहे को लगाया?"

मामा म्हणाले, "घर में बाप का फोटो नहीं लगाया क्या तुमने?"

ही गोष्ट खरीच आहे. आमच्या अल्बमांमधली एकही बोट आज पाण्यावर नाही. ही गोष्ट मला कधी कधी काही कारण नसताना आठवते, आणि मग काम सुचत नाही.

*

मला बघायला आले होते, तेव्हाचा हा किस्सा. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई म्हणाली, "काही छंद वगैरे?"

आईनं मला डोळ्यांनी सांगितलं होतं, भरतकाम म्हण. मी घाबरले की खरं बोलते. म्हणाले, "फ्रेंच बोटींची पोस्टकार्डं जमवते."

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मुलाच्या वडिलांना वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं. म्हणाले, "चालू बोटी, का बंद पडलेल्या?"

"सगळ्या बंद पडलेल्या," मी म्हणाले.

तिकडून नकार आला. रविवारी हे सांगितलं तेव्हा आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मला म्हणाले, "पोरी, ज्यानं धुरांड्याचा रंग इचारला न्हाई त्याच्या घरात तू नांदली नसतीस." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तुला बघाया येनार व्हते ना कुनी? काय झालं त्याचं?"

मामा हसले. त्यांना वाटलं, आप्पा चेष्टा करतायत.

*

आमच्याकडं एक रिवाज आहे. नवीन कार्ड आलं की लगेच कुणाच्या अल्बमात जात नाही. आधी ते टेबलावर ठेवायचं आणि बोटीचं नाव चमच्यानं झाकायचं. मग बाकीच्यांनी बोट ओळखायची. धुरांडी किती, डोलकाठ्या कुठं, लाइफबोटी कशा टांगल्यात, यावरून. जो आधी ओळखेल, कार्ड त्याचं. आणलेलं कुणीही असो.

आप्पा या खेळात कधी हरले नव्हते. सर शाळेतल्यासारखे हिशेब मांडत बसायचे, तेवढ्यात आप्पा नाव सांगून बडीशेप चघळायला लागलेले असायचे.

त्या रविवारी सरांनी कार्ड ठेवलं. सोपं होतं. तीन धुरांड्यांची, आप्पांची सगळ्यात लाडकी बोट. डब्यातलं पहिलं कार्ड तिचंच निघालं होतं. आप्पा वाकून बघत राहिले. बराच वेळ. मग त्यांनी हात पुढं केला आणि चमचा उचलून खालचं नाव वाचायला लागले.

चमचा कुणी उचलत नाही. आजवर कुणी उचलला नव्हता.

मी पटकन नाव बोलून टाकलं. कार्ड मला मिळालं. मामांनी टाळी दिली, "पोरीला जिंकू दिलं आप्पांनी. मन मोठं हाय मानसाचं."

आप्पाही हसले, पण आम्ही का हसतोय ते त्यांना कळलेलं नव्हतं. मी कार्ड पर्समध्ये ठेवलं. सर माझ्याकडं बघत होते. या वेळी ते कुकरचं काही बोलले नाहीत.

*

फोन करायचा तर आप्पांच्या मुलाला करायला हवा होता. तो पुण्याला असतो. माणूस वाईट नाही, उलट चांगलाच. किती वर्षं मागं लागलाय, आप्पा, दौंडचं घर बंद करा आणि आमच्याकडं या. आप्पा एकदा जाऊन राहून आले.

"लय उंचावर हाय घर," परत आल्यावर म्हणाले. "दार लावून सगळी कामाला जात्यात. मी गॅलरीत. खालून गाडी जाईल म्हनून बघतो, तर तिथनं रूळबी दिसत न्हाईत. मला तिकडं न्हेलं ना, तर माझं दानापानी संपलं म्हनून समजा." मग त्यांनी आम्हा तिघांना एकेकाकडं बघून बजावलं, "माज्या पोराला कुनी काय सांगायचं न्हाई. सांगितलंत तर ह्या टेबलावर पुन्हा येनार न्हाई मी."

मुलाचा नंबर माझ्याकडं होता. अडीअडचणीला असू दे म्हणून आप्पांनीच दिलेला.

*

आणि मग ते कार्ड आलं. म्हणजे पोस्टानं आलं.

आम्ही एकमेकांना कार्डं पाठवतो ती पुठ्ठ्यात, प्लॅस्टिकच्या कव्हरात, वरून पाकीट. सरांना आप्पांकडून जे आलं त्याला पाकीटच नव्हतं. डब्यातलं जुनं कार्ड, पाठ इतकी वर्षं कोरी जपलेली. त्या पाठीवर आप्पांनी बॉलपेननं सरांचा शिरूरचा पत्ता लिहिला होता, तिकीट चिकटवलं होतं आणि कार्ड सरळ पोस्टाच्या पेटीत टाकलं होतं. वर पोस्टाचे दोन काळे शिक्के. एक बरोबर बोटीवर. मजकूर एवढाच: रविवारी येतो.

सरांनी मला घरी बोलावून ते दाखवलं. मी दारातच उभी राहिले.

"पोस्टकार्ड आहे," सर म्हणाले. "पोस्टात टाकलं. तसं चुकलं काय?" असं म्हणून हसायला लागले आणि हसता हसता चष्मा काढून पुसत बसले. काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि ठेवून परत गेल्या.

"तू आधीच म्हणाली होतीस," सर म्हणाले.

"आता काय करायचं, सर?"

"मुलाला सांगितलं तर आप्पा पुण्याला गेले. तिथं ते टिकायचे नाहीत. आणि नाही सांगितलं तर..." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "रविवारी येतायत ना? समोर बसवून त्यांनाच विचारू. मग तू फोन कर."

मला तेव्हाच करावासा वाटत होता. मोबाइल हातात घेतला, नंबर काढला आणि बंद केला. सरांचा शब्द मोडवेना. आणि खरं सांगायचं तर आप्पा त्या टेबलावर पुन्हा येणार नाहीत, हे मला नको होतं.

*

रविवारी मी सरांच्या स्कूटरवर मागं बसून यवतला पोचले. मामांनी आप्पांच्या खुर्चीवर उशी ठेवली होती. दौंडहून पुण्याकडं जाणारी गाडी यवतला थांबते. आप्पा तिनंच येतात, आणि स्टेशनवरून चालत. गाडीची वेळ टळली. आप्पा आले नाहीत.

"लेट आसंल," मामा म्हणाले.

मी आप्पांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मामांनी गल्ला तसाच सोडला आणि मोटारसायकल काढून स्टेशनवर गेले. परत आले तेव्हा त्यांनी गाडी स्टँडला लावायच्या आधीच सांगितलं, "गाडी कवाच गेली. आप्पा उतरलेच न्हाईत."

"घरून निघालेत का पण?" सरांनी विचारलं.

"त्यांच्या शेजारच्यास्नी फोन करून इचारलं मी. सकाळीच कुलूप लावून गेलेत. इस्त्रीची कापडं, पायात बूट."

टेबलावर सरांनी आणलेलं कार्ड होतं, त्यावर चमचा. सर म्हणाले, "वैशाली, आता मुलाला लाव."

"एकदाच," मी म्हणाले. "आप्पांना एकदाच लावते, मग त्याला."

रिंग गेली. पुन्हा तशीच वाजत राहिली. मी कट करणार तेवढ्यात पलीकडून खडखडाट ऐकू आला, चाकांचा, आणि कुणीतरी चहा विकत होतं.

"आप्पा? वैशाली बोलतेय. आप्पा, कुठं आहात तुम्ही?"

"गाडीत हाय की." आवाज नेहमीचा, स्वच्छ. "बरं झालं तू फोन केलास. मगापासनं कुनालातरी इचारावं म्हनतोय, पर डब्यात समदी अनोळखी. आन् आपन गार्ड मानूस. आसलं काय इचारायचं, लोकं हसत्याल."

"काय विचारायचंय, आप्पा?"

ते जरा हळू बोलले, शेजारच्याला ऐकू जाऊ नये तसं.

"मी उतरायचंय कुठं?"