दुसरी कॉइल

मी पोहोचलो तेव्हा मशीनच्या काट्यावर चौतीस डिग्री होतं. हवं होतं साडेसदतीस. आत एकशेवीस गावरान अंडी, उबवणीचा अठरावा दिवस. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायची होती.

नेरजवळच्या गावातल्या वंदनाच्या बचत गटाची ही उबवणीची पहिलीच खेप. बायांनी घरची अंडी आणून त्यांवर पेन्सिलीनं आपापली नावं लिहिली होती. माझं नेरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. साठी उलटली, आता फोन उचलायचाही कंटाळा येतो. आदल्या दिवशी वंदनाचा फोन आला, थंडीमुळे मशीन छत्तीसच्या वर जात नाही. मी एका जळलेल्या मोटारीच्या कामात अडकलो होतो. म्हटलं, मशीनसोबत आलेली तापवायची जादा कॉइल आहे ना, तीही लावून टाका. आणि फोन ठेवला.

"चाचा, दोन कॉइली लावल्या तं मशीन आणखीनच थंडी होऊन राह्यली," वंदना म्हणाली.

"कोणं लावली?"

"म्या," तिचा नवरा सिद्धार्थ म्हणाला. "टॉर्चमंदी सेल टाकतो तशी, एकीमांगं एक."

घोळ तिथंच कळला. पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही जुनी सवय.

मीटर लावलं. व्होल्टेज दोनशेतीस. तारेभोवती क्लॅम्प मीटर अडकवलं, करंट फक्त एक अँपिअर. व्होल्टेज म्हणजे विजेचा दाब, करंट म्हणजे वाहणारी वीज. दाबाला करंटनं भागलं की रेझिस्टन्स निघतो, म्हणजे कॉइल विजेला किती अडवते ते. इथं दोनशेतीस ओहम. आणि दाब व करंट यांचा गुणाकार केला की पॉवर. दोनशेतीस वॅट, म्हणजे ऊब तेवढीच.

मेन स्विच पाडून नवी कॉइल सोडवली, जुनी एकटी चालवली. करंट दोन अँपिअर. रेझिस्टन्स एकशेपंधरा, पॉवर चारशेसाठ.

"म्हंजे एकीनंच जास्त गरम होत होतं?" सिद्धार्थ खाली बसला.

"हो. सेल वीज देते, कॉइल वीज अडवते. एकीमांगं एक लावली तं अडवणं दुप्पट झालं, ऊब अर्धी."

"मंग फोनवर काहून नाई सांगतलं चाचा, कशी जोडाची ते?" वंदनानं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

दोन्ही कॉइली शेजारी शेजारी जोडल्या, दोघींना आपापला पूर्ण दाब मिळेल अशा. करंट चार अँपिअर, पॉवर नऊशेवीस वॅट. वायर तेवढं सोसेल का, ऊब पुरेशी झाली की थर्मोस्टॅट वीज तोडतो का, तेही पाहिलं. तासाभरात काटा साडेसदतीसवर आला. पण अंडी आदल्या संध्याकाळपासून गारठली होती.

बाविसाव्या दिवशी पुन्हा गेलो. चव्वेचाळीस पिल्लं निघाली होती. न फुटलेली अंडी टोपल्यात होती, त्यांच्यावरची नावं तशीच. वंदना एकेक नाव वाचून जिची तिची अंडी वेगळी ठेवत होती.

"सुनंदाबाईचं तं एकबी नाई निघालं," ती म्हणाली. "तिले काय सांगू?"

"माह्यं नाव सांग," मी म्हटलं.

तेव्हापासून फोनवर मी सल्ला देत नाही. हात लावू नका, येतो, एवढंच सांगतो. जायचं जिवावर येतं, तरी जातो.