आईबाबांचा अबोला आणि माझी मागणी

आमच्या घरचा अबोला मोठा शिस्तीचा. बाबांनी जबलपूरच्या घमापूर भागातून कोणाला न विचारता जुना सोफा उचलून आणला, तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नव्हती. सिलिंडर संपलं की तेवढं "गॅस" म्हणायची, आणि बाबा निमूट नवं लावायचे. घर कुठे अडलं नाही.

मी तेव्हा जबलपुरातच इंजिनिअरिंगचं संशोधन करत होते. तीन छोट्या, बिनचालकाच्या गाड्या एका रांगेत चालवायच्या. बॅटरी वाचावी म्हणून त्यांनी एकमेकींना सारखे निरोप द्यायचे नाहीत. एखादी गाडी ठरल्या जागेपासून फारच सरकली, तरच तिनं बाकीच्यांना कळवायचं. माझ्या गाड्या भिंतीवर आपटायच्या आणि इकडे हे दोघं न बोलता संसार हाकायचे. मला त्यांचा हेवाच वाटायचा.

एका रविवारी, माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलाचे आईवडील मागणी घालायला आले. माणसं हिंदी बोलणारी, साधी. मला तो मुलगा मनापासून हवा होता. घरी मात्र मी चकार शब्द काढला नव्हता. कोणी विरोध केला असता तर बोलले असते; कोणी केलाच नाही, म्हणजे सगळं ठीक चाललंय, असा माझा हिशेब. वा रे विदुषी!

चहा झाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बशीतल्या बिस्किटाकडे. त्यांचा चेहरा उतरला. मोठ्या अदबीनं ते पाहुण्यांना हिंदीत सांगू लागले, की आपण आलात, बरं वाटलं, पण मुलीची इच्छा काही दिसत नाही. आहे, इच्छा आहे, असं मला ओरडावंसं वाटलं. तोंड मात्र उघडेना.

"थांबा जी," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली.

बाबा दचकलेच. सिलिंडर तर कालच लावलं होतं.

"पोरगी गप्प आहे म्हणजे नाही म्हणून राहिली, असं काहून समजता? मी इतके दिवस गप्प आहे, तर काय तुम्ही नको झाले मला?"

पाहुण्यांना यातलं काही कळलं नाही. बाबांना कळलं, आणि त्यांचे कान लाल झाले. मग आई माझ्याकडे वळली. "बोल नं आता."

"मला हाच पाहिजे," मी म्हणाले.

पाहुणे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हा सगळ्यांसमोर तेच पुन्हा, हिंदीत म्हणावं लागलं.